अण्णांच्या पिढीचं बंड रेकॉर्ड कसं करायचं, भाषण सुरू व्हायच्या आत

आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, नुसतं विचारा की कॉलेजात असताना काय काय केलंत, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आमची पिढी पेटून उठलेली होती." मग वीस-पंचवीस मिनिटं भाषण, मराठवाड्याचं मागासलेपण, आंदोलनाचे नेते गोविंदभाई श्रॉफ, रेल्वे, पाणी, नोकऱ्या, शेवटी "आजकालच्या पोरांना कशाचं काही पडलेलं नाही", मग चहा. हे भाषण मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, पाठ झालंय, पण आंदोलनाला घरी काय सांगून गेलते, खिशात किती पैसे होते, आजोबांनी परत आल्यावर मारलं का, हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

गेली दोन वर्षं मी अण्णा, आई, आत्या आणि अण्णांचे चारपाच दोस्त यांना फोनवर रेकॉर्ड करतोय. पन्नासच्या वर फाईली झाल्या आणि त्यातल्या निम्म्या बेकार गेल्या. ज्यांच्या घरात सत्तरीचं माणूस आहे आणि त्याने तरुणपणी काही ना काही उद्योग केलेले आहेत त्यांनी माझ्या चुका बघून घ्या म्हणजे तुमच्या वाचतील.

पहिली चूक कूलर. एप्रिल-मे मधे परभणीत कूलर बंद करून कोणाला बोलतं करायचं म्हणजे छळच, आणि चालू ठेवला तर फाईलमधे नुसता घूं घूं आवाज, अण्णा कुठंतरी लांब विहिरीतून बोलल्यासारखे. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा, थंडीत. दुपारची झोप झाली, तोंड धुतलं, चहा झाला की चार-साडेचारला बसायचं, रात्री जेवणानंतर नाही, रात्री ते दमलेले असतात आणि दमले की भाषणावर जातात. फोन फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आल्यावर मेव्हण्याचा फोन येतो. फोन टॉवेलची घडी करून त्यावर ठेवायचा, स्टीलच्या टेबलावर ठेवला तर कपबशी ठेवल्याचा आवाज बंदुकीसारखा येतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं बास, त्याच्यापुढं नका ओढू. कानाला कमी ऐकू येत असेल तर ज्या कानाने येतं त्या बाजूला बसा, ही साधी गोष्ट मला सहाव्या फाईलला कळली.

बसायच्या आधी थोडा अभ्यास करा म्हणजे त्यांची गाडी घसरली की तुम्हाला कळेल. म्हाताऱ्या माणसांना सन आठवत नाही, पण खुणा आठवतात. बहात्तरचा दुष्काळ, तेव्हा खडी फोडायला कोण गेलतं आणि लाल मिलो (दुष्काळात बाहेरून आलेली ज्वारी) कोणी खाल्ली. १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन, वसमतला पोलीस गोळीबार झाला, विद्यार्थी गेले. २५ जून १९७५ ला आणीबाणी, ती उठली मार्च १९७७ मधे. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव दलित वस्त्या जळाल्या. १९७९ ला याच नामांतरासाठी नागपूरहून लाँग मार्च, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव जोडलं. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र, ती कोणीच विसरत नाही. "ते भूकंपाच्या आधीचं का नंतरचं" असं विचारलं की बरोबर उत्तर येतं, "कोणत्या साली" विचारलं की अंदाजपंचे.

अजून एक गंमत लक्षात ठेवा, जिल्हे. त्यांच्या तरुणपणी जालना औरंगाबाद जिल्ह्यात होतं (जालना वेगळा झाला १९८१ ला), लातूर उस्मानाबादेत होतं (१९८२), आणि हिंगोली-वसमत परभणीतच होते, हिंगोली जिल्हा १९९९ चा. त्यामुळं अण्णा "आपल्या जिल्ह्यात गोळीबार झाला" म्हणतात ते चूक नाही, मी उगाच तिथं टोकून बसलो आणि ते चिडले आणि ती फाईल तिथंच संपली.

आता प्रश्न. "का" नका विचारू, का विचारलं की भाषण येतं. कसं, कशाने, कोणासोबत, काय खाल्लं, असे विचारा. माझं आणि अण्णांचं असं झालतं,

"अण्णा, वसमतला गेलात कशाने?"

"गेलो म्हणजे, रेल्वेने. तेव्हा मीटरगेज होती. पूर्णेला गाडी बदलायची."

"तिकीट काढलं का?"

इथं ते पहिल्यांदा हसले. चौघांत एक तिकीट होतं म्हणे, आणि टीसी ओळखीचा निघाला, त्याने यांना पूर्णेला उतरवून चहा पाजला आणि घरी जा म्हणाला. भाषणात हा टीसी पन्नास वर्षांत एकदाही आलेला नव्हता. वस्तू हातात दिली तर अजून चांगलं, जुना झोळा, सायकलचा दिवा, होल्डॉल, काहीही. अण्णांच्या एका दोस्ताच्या हातात मी नुसतं सायक्लोस्टाईल केलेलं एक जुनं पत्रक ठेवलं तर त्यांनी आधी वास घेतला, मग अर्धा तास स्टेन्सिल कसं कापायचं, शाई कशी हाताला लागायची आणि पोलीस पहिले हात कसे बघायचे हेच सांगितलं. असलं सोनं प्रश्न विचारून निघत नाही.

आणीबाणीबद्दल एक सावधगिरी. जे आत गेले त्यांना २०१८ पासून सरकारचं मानधन सुरू झालं, मधे बंद पडलं, परत सुरू झालं, त्यासाठी अर्ज भरताना प्रत्येकाने आपली हकीकत एकदा कागदावर पक्की केलेली आहे, तारखेसकट, आणि आता तोंडी विचारलं तरी तोच अर्ज ऐकू येतो. तो ऐकून घ्या, मान द्या, आणि मग विचारा की आत पहिल्या रात्री झोपायला काय दिलतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी यावर सांगितलं की मी रडलो होतो, आणि हे बायकोलाही माहीत नाही, म्हणून ते रेकॉर्डिंग मी कोणालाच ऐकवलेलं नाही.

नामांतरावर मी जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा, कारण मराठवाड्यातल्या माझ्या वडिलांच्या पिढीचा खरा हिशोब तिथं आहे. चौऱ्याहत्तरला सगळे एका बाजूला होते त्यामुळं ते सांगायला सोपं. अठ्ठ्याहत्तरला तेच पोरं, एकाच होस्टेलची, एकाच मोर्चात खांद्याला खांदा लावलेली, दोन बाजूंना गेली. अण्णांच्या भाषणात आणीबाणी उठते आणि त्यानंतर थेट त्यांची नोकरी लागते. मधली वर्षं गायब. मला हे आधी लक्षातच आलं नव्हतं, लक्षात आणून दिलं त्यांच्याच एका दोस्ताने, नागसेनवनात मिलिंद कॉलेजला शिकलेले, मी त्यांना मामा म्हणतो. ते म्हणाले, "तुझ्या अण्णाला विचार, ठराव झाला त्या आठवड्यात तो कुठं होता. मी घरी नव्हतो, मला घरच राहिलं नव्हतं."

तर इथं काय करायचं. एक, दोघांना एकत्र बसवून पहिलं रेकॉर्डिंग करू नका. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात, पन्नास वर्षांची दोस्ती आहे, खरं कोणीच बोलत नाही. वेगवेगळं करा आणि एकाचं दुसऱ्याला ऐकवू नका, त्यांनी स्वतः मागितलं तरच. दोन, कोणी जाळलं त्याची नावं विचारू नका, ती माणसं, त्यांची नातवंडं त्याच गावात आहेत आणि तुम्ही पोलीस नाही. तीन, माणूस गप्प झाला तर तुम्ही पण गप्प बसा. रेकॉर्डिंग चालू राहू द्या. मी पहिल्यांदा घाबरून "जाऊ द्या अण्णा, दुसरं बोलू" म्हणालो, लई मोठी चूक, त्यांनी लगेच दुसरं बोलायला घेतलं. दुसऱ्या वेळी तोंड बंद ठेवलं तर तीनेक मिनिटांनी एवढंच म्हणाले, "मी विरोधात नव्हतो. पण मी दार पण उघडलं नाही." कोणाचं दार, कोणासाठी, ते मी विचारलं नाही अजून.

आणि दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर जी गर्दी असते तिथं मामांना घेऊन गेलो, फोन खिशात चालू ठेवून (त्यांना सांगून, न सांगता रेकॉर्ड करणं म्हणजे चोरी). गर्दीमुळं आवाज खराब आला, पण घरी दोन तासात जे नाही बोलले ते गेटपासून रिक्षापर्यंत बोलले. चालता चालता माणसं मोकळी होतात, गुडघे साथ देत असतील तर बाहेर न्या.

बायकांचं वेगळं आहे. आईला विचारलं तुझं बंड काय होतं तर म्हणाली, "कसलं बंड, मी तर स्वयंपाक करीत होते." बंड हा शब्दच त्यांच्या वाट्याला आलेला नाही. म्हणून बायकांना तो शब्द न वापरता विचारा, घरात कोणती गोष्ट लपवली होती, कोणाशी बोलायचं बंद केलतं, पहिल्यांदा एकटीने एसटीत कधी बसलीस. आत्याकडून निघालं ते असं, आणीबाणीत अण्णांची पत्रकं माळवदाच्या घरात उतरंडीच्या खालून तिसऱ्या मडक्यात होती, वर तुरीची डाळ, आणि झडती आली तेव्हा आत्याने हवालदाराला सांगितलं की उतरंड हलवली तर आमचं सोवळं मोडतं, सासू मला घरातून काढील. आजीला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि आत्याचं लग्नच झालेलं नव्हतं तर सासू कुठली. अण्णांच्या भाषणात ही पत्रकं "आम्ही सुरक्षित ठिकाणी हलवली" एवढ्यावर येतात! बायकांचं रेकॉर्डिंग स्वयंपाकघरातच करा, फक्त मिक्सर आणि कुकर लागायच्या आधी, आणि पुरुषांना बाहेर पाठवा, नाहीतर ते दारातून दुरुस्त्या करतात.

नातवंडांना पण कामाला लावा. माझी पुतणी छत्रपती संभाजीनगरला स्पर्धा परीक्षेची तयारी करते, मागं ती भरतीच्या मोर्चाला गेली तर अण्णांनी फोनवर झापलं, "अभ्यास करायला पाठवलंय, मोर्चे कशाला पाहिजेत." ज्या माणसाने बीएस्सीचं वर्ष आंदोलनात घालवलं त्याने! मी काही बोललो नाही, दिवाळीत तिलाच फोन धरून समोर बसवलं. तिने विचारलं, "आजोबा, तुमचं वर्ष गेलं तेव्हा पणजोबा काय म्हणाले?" मला कधी न दिलेलं उत्तर तिला दोन मिनिटांत मिळालं, माझ्या आजोबांनी सहा महिने एका शब्दाने बोलणं ठेवलं नव्हतं आणि बैलाकडं बघून निरोप द्यायचे, "याला सांग जेवून घे." मुलाला जे सांगवत नाही ते नातीला सांगतात, याचा फायदा घ्या.

फोटोंचं थोडक्यात, अल्बममधून ओरबाडून काढू नका, जुना फोटो मागं चिकटलेला असतो, फाटतो. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून वरून फोटो काढा, आणि पाठीमागं काही लिहिलेलं असेल तर त्याचा पण. फोटोत कोण कोण आहे ते बोलून रेकॉर्ड करा, डावीकडून सुरुवात करून.

फाईलचं नाव त्याच दिवशी बदला, तारीख, कोण बोललं, कशाबद्दल, नाहीतर महिन्याभराने सगळ्या फाईली सारख्याच दिसतात. दोन ठिकाणी ठेवा, एक पेनड्राईव्हवर आणि एक ड्राईव्हवर किंवा भावाच्या कॉम्प्युटरवर. फॅमिली ग्रुपवर तुकडे टाकू नका, कितीही मोह झाला तरी, मी टीसीवाला तुकडा टाकला आणि दोन तासांत काकांनी "हे असं झालंच नाही" म्हणून भांडण लावलं.

आणि शेवटी त्यांना ऐकवा. हेडफोन लावून, एकट्याने. अण्णांनी वसमतची फाईल पूर्ण ऐकली, हेडफोन काढले, आणि संध्याकाळी स्वतःहून म्हणाले की परत लाव ते, मला एक सांगायचंय. गोळीबार झाला त्या दिवशी ते वसमतला नव्हतेच, पूर्णेच्या स्टेशनवर होते, टीसीने उतरवल्यावर पुढं जायला गाडी मिळाली नाही, बातमी त्यांना तिथंच कळली. असं झालं तर जुनी फाईल डिलीट करायची नाही, नवीन फाईलच्या नावात फक्त "दुरुस्ती" लिहायचं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या.