पट आणि निकाल एकाच कागदावर : जिल्हा परिषद शाळेची प्रगती कशी तपासावी

पट यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत भरला जातो, गुण निकालपत्रकात राहतात, आणि ही दोन दप्तरं क्वचितच शेजारी उघडली जातात. कोणतं मूल मागे पडतंय आणि का, हे मात्र ती शेजारी ठेवल्यावरच कळतं. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालक यांनी मिळून हे काम प्रथम सत्राच्या शेवटी एकदा आणि जानेवारीअखेर एकदा करावं.

मोठा आडवा कागद घ्या. एका मुलाला एक ओळ, नावाऐवजी हजेरी क्रमांक. रकाने असे : इयत्ता, मुलगा की मुलगी, दाखल झाल्याची तारीख, दिव्यांगत्व, घरची भाषा, आईवडील कामासाठी बाहेरगावी जातात का, महिनावार हजेरी, आकारिक गुण (वर्षभराच्या वर्गातल्या कामाचे), संकलित गुण (सत्रअखेरच्या परीक्षेचे), वाचनाची पातळी. जातीचा प्रवर्ग जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या दाखल-नोंदवहीत असतोच. त्याच्या बेरजा वेगळ्या काढा, सभेत फिरणाऱ्या कागदावर तो नको. लहान गावात हजेरी क्रमांकावरूनही मूल ओळखू येतं.

घरच्या भाषेसाठी रजिस्टरावर विसंबू नका. मातृभाषेच्या रकान्यात अनेकदा सरसकट मराठी लिहिलेलं असतं. मुलाला विचारा, ‘आजीशी कोणत्या भाषेत बोलतोस?’ मेळघाटात उत्तर कोरकू येईल, बंजारा तांड्यावर गोरबोली. पहिली-दुसरीत असं मूल गप्प बसतं ते येत नाही म्हणून, की प्रश्नच कळला नाही म्हणून, हे गुणांवरून कधीच समजत नाही. प्रश्न त्याच्या भाषेत विचारून पाहा.

आता गुण. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक आणि संकलित यांचा भार इयत्तेनुसार बदलतो : पहिली-दुसरीला ७०-३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०. समजा, एका मुलीला दरवर्षी आकारिकमध्ये ८५ टक्के आणि संकलितमध्ये ५५ टक्के मिळतात. दुसरीत तिचे ७६ होतात, तिसरीत ७३, पाचवीत ७०. श्रेणी ब-१ वरून ब-२ वर उतरली, आणि मुलगी होती तिथेच आहे. म्हणून दोन इयत्तांची तुलना एकूण श्रेणीवर करू नका. आकारिक आकारिकशी, संकलित संकलितशी ताडून पाहा. दोहोंत ३० टक्क्यांचं अंतर असेल तर तोंडी काम, उपक्रम आणि वही यांचे गुण कसे दिले जातात ते आधी तपासावं लागेल.

वाचनाची पातळी प्रत्यक्ष ऐकूनच लिहा. एकेका मुलाला व्हरांड्यात बसवा आणि दुसरीच्या पातळीचा, वर्गात न झालेला परिच्छेद द्या. चालू पुस्तकातला धडा दिलात तर बरीच मुलं तो पाठ म्हणतात : आवाज सरळ पुढे जातो, बोट ओळीत मागेच राहतं. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारलं की लगेच कळतं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी जिथे मूल अडलं त्याच्या आधीची पातळी नोंदवा. निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, असं आहे. घड्याळ लावा, पण आधी अर्थ विचारा. गणितासाठी ५२ वजा २७ पुरे. उत्तर ३५ आलं तर मुलाने मोठ्या अंकातून लहान वजा केलाय, हातच्याची कल्पना पोचलेली नाही.

सगळ्यात जास्त वेळ हजेरीला द्या. यूडायसचा पट ३० सप्टेंबरचा असतो. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या त्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कागदावर पट तोच राहतो, बाक मात्र रिकामा होतो. मूल आजी-आजोबांकडे थांबलं, हंगामी वसतिगृहात राहिलं की कारखान्यावर गेलं, हे ओळीपुढे लिहा. कारखान्यावर गेलेल्या मुलांचा निकाल आणि वर्षभर वर्गात बसलेल्यांचा निकाल वेगवेगळा मांडा. एकत्र केलात तर शिकवण्यातली उणीव आणि गैरहजेरी यांची सरमिसळ होते आणि उपाय भलत्याच जागी लागतो.

टक्केवारी जपून वापरा. १४ मुलांच्या तिसरीत एक मूल म्हणजे ७ टक्के. दोन मुलं मागे पडली की निकाल ‘घसरला’ म्हणतात, आणि पुढच्या वर्षी दोन हुशार मुलं आली की ‘सुधारला’. गट दहापेक्षा लहान असेल तर फक्त संख्या लिहा : ‘स्थलांतरित ६, त्यांतली ४ शब्दपातळीवर’.

सभेत कागदावरून काढलेले तीनच आकडे वाचा : किती मुलं परिच्छेदाच्या खाली आहेत, त्यांतली किती वर्गात नियमित असतात, आणि किती नसतात. नियमित असूनही मागे असलेल्या मुलांचं काम शिक्षकांचं : रोज अर्धा तास, इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट. नसलेल्यांचं काम समितीचं : टोळी निघण्याआधी घरोघर जाऊन आजी-आजोबांशी बोलणं आणि हंगामी वसतिगृहाची मागणी सप्टेंबरातच ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे देणं.