रॅटचं घड्याळ आणि आपली लोकल

मेंदूवर काम करायचं म्हणून मी झूऑलॉजीत एमएस्सी केलं, आणि प्रोजेक्टचे पहिले दोन महिने मेंदू डोळ्यांनी पाहिलासुद्धा नाही. रॅटच्या पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, वजनं घ्यायची, त्यांना आपल्या हाताची सवय लावायची, एवढंच काम. प्रोजेक्ट होता स्टेरॉइड हॉर्मोन मेंदूत काय करतात यावर, पण स्टेरॉइड म्हटलं की घरी सगळ्यांना जिममधली पोरं आठवायची. "इंजेक्शनं देतेस की काय कुणाला?" आई विचारायची. ताणात वाढणारं कॉर्टिसोल, मादीचं इस्ट्रोजेन, नराचं टेस्टोस्टेरॉन ही सगळी कोलेस्टेरॉलपासून बनणारी एकाच घराण्यातली भावंडं. चरबीत विरघळणारी, म्हणून रक्त आणि मेंदू यांच्यातल्या कुंपणातून सहज आत शिरतात.

आत गेल्यावर करतात काय? इथे मॅकइवन यांचं काम वाचाच. 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवन आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी काढलेल्या रॅटना किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे रॅटचं ताणाचं हॉर्मोन, टोचलं. ते ठळकपणे साठलेलं सापडलं हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींचं काम चालतं त्या भागात. हॉर्मोन म्हटलं की हायपोथॅलॅमसकडे, म्हणजे मेंदूतल्या हॉर्मोनचा कारभार बघणाऱ्या भागाकडे, बघायची तेव्हाची सवय होती, त्यामुळे हे अनपेक्षितच. ताण आणि स्मरण यांचा धागा तिथून पुढे उलगडत गेला. मूळ पेपर छोटासा आहे. भारंभार रिव्ह्यू वाचण्याआधी तो वाचा.

आता माझी फजिती. पहिल्या बॅचमध्ये ताण दिलेले रॅट एका गटात, नुसते पिंजऱ्यात ठेवलेले दुसऱ्यात. पावसात गाड्या रखडल्या, मी दुपारी पोचले. ताणाचा गट आदल्या सकाळी झाला होता, दुसऱ्या गटाचं रक्त घेईपर्यंत संध्याकाळ झाली. आकडे आले ते उलटेच: आरामात बसलेल्यांचं कॉर्टिकोस्टेरॉन जास्त! मी आठवडाभर हॉर्मोन मोजायच्या एलायझा किटला शिव्या घातल्या. शेवटी अॅनिमल हाऊसमधल्या काकांनी एकच विचारलं, "किती वाजता काढलं?"

रॅट निशाचर. त्यांचं कॉर्टिकोस्टेरॉन सकाळी तळाला असतं आणि अंधार पडायच्या सुमाराला शिखरावर. माणसाचं कॉर्टिसोल नेमकं उलट, सकाळी चढलेलं. शिवाय पिंजऱ्याला हात लावल्यापासून साधारण तीन मिनिटांत रक्त घेतलं नाही, तर आपण धरल्याचाच ताण आकड्यात उतरायला लागतो. मी धडपडत दहा मिनिटं लावली होती. म्हणजे ताण मोजला खरा, पण तो होता उशिरा आलेल्या मुलीच्या हाताचा.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नळीपुढे दोन वेळा असतात: पिंजरा हलला ती आणि रक्त मिळालं ती. आणि जनावरांच्या कामाआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते, तिचा अर्ज प्रवेशानंतर लगेच लिहायला घ्या. त्यात महिने जातात.

मुंबईत या वाटेवर येणाऱ्यांनी कुलाब्याच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) जीवशास्त्र विभाग बघावा, प्रजननाच्या अंगाने यायचं असेल तर परळची एनआयआरआरसीएच, ही प्रजनन आणि बाल आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था. पीएचडीसाठी टीआयएफआरची जेजीबिल्स ही प्रवेश परीक्षा आणि संशोधनाची शिष्यवृत्ती देणारी नेट-जेआरएफ, दोन्ही द्या. मुलाखतीत पाठांतरापेक्षा "कंट्रोल गट (तुलनेचा) कोणता ठेवाल?" यावरच गाडी अडते. माझी तरी अडली.

माद्या टाळू नका. प्रजननाचं चक्र आहे, त्याबरोबर आकडे हलतात, म्हणून नरच बरे, असं मलाही सांगितलं गेलं होतं. मला तो आळस वाटतो. 1990 मध्ये मॅकइवन यांच्याच प्रयोगशाळेत कॅथरीन वूली यांनी दाखवलं की मादी रॅटच्या हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींवरचे बारीक काटे (जिथे दुसऱ्या पेशी येऊन जोडल्या जातात) चार-पाच दिवसांच्या चक्राबरोबर वाढतात आणि घटतात. प्रोइस्ट्रसला, म्हणजे बीज सुटण्याआधीच्या टप्प्याला दाट, त्यापुढच्या इस्ट्रसला विरळ. जे हलतं तेच तर बघायचंय!

कोणता टप्पा चालू आहे ते कळायला रोज ठरल्या वेळी योनीस्राव काचपट्टीवर घेऊन बघायचा. गोल, केंद्रक दिसणाऱ्या पेशी म्हणजे प्रोइस्ट्रस. केंद्रक नसलेल्या, वाळक्या पानासारख्या दिसल्या की इस्ट्रस. एक दिवस चुकला तर चक्राचा हिशेब तुटतो. गौरी जेवतात त्या दिवशीही मी सकाळी सहाची गाडी पकडून परळला जाऊन यायचे. आई पान झाकून ठेवायची. पुरणपोळी गार व्हायची, पण तेवढं चालतं.