गाडी क्रॉसिंगला अडली की श्वास कसा मोजावा

तिकीट, पाणी, गोळ्या घेतल्याच असतील. प्रवासातल्या वैतागावर झेनचा, म्हणजे जपानी बौद्ध ध्यानपंथाचा, उतारा सुचवणारे बहुतेक लोक ‘डोळे मिटा, मन रिकामं करा’ एवढंच सांगतात. दोन्ही चूक. दादरहून सावंतवाडीला जाताना डोळे मिटलेत तर बॅगेकडे कोण बघणार? आणि मन म्हणजे काय पाण्याचं पिंप आहे उपसायला? झाझेनमध्ये, म्हणजे झेनच्या बैठकीत, डोळे अर्धवट उघडेच असतात. नजर खाली, हात-दोन हात पुढे.

दोन्ही पाय जमिनीला टेकवा, पाठ सीटपासून जराशी सुटी ठेवा. मांडीवर उजवा तळवा, त्यावर डावा, दोन्ही वर तोंड करून. अंगठ्यांची टोकं जेमतेम टेकलेली. अंगठ्यांचं हे प्रकरण थट्टेवारी नेऊ नका. चिडलात की अंगठे एकमेकांना रेटतात आणि डोंगर उभा राहतो. पेंग आली की ढेपाळून दरी होते. आपण चिडलोय हे मला बहुतेक वेळा अंगठ्यांवरूनच कळतं. (समोरचा म्हणेल, ‘काय ध्यान आहे!’ म्हणू द्या. ‘ध्यान’ हाच शब्द चीनमध्ये ‘चान’ झाला आणि जपानमध्ये ‘झेन’.)

आता मोजणी. श्वास सोडताना एक, पुढचा सोडताना दोन, असं दहापर्यंत, की पुन्हा एकपासून. जपानीत याला सुसोकुकान म्हणतात. हा प्राणायाम नव्हे. श्वास रोखायचा नाही, लांबवायचाही नाही. जसा येतो तसा येऊ द्यायचा.

इथवर सोपं आहे. माझं घोडं पुढे अडलं, तेही दोन-तीन वर्षं.

कोकणच्या मार्गावर बराचसा रूळ एकेरी आहे, त्यामुळे समोरची गाडी जाईपर्यंत आपली बाजूला उभी. एका पावसाळ्यात अशीच गाडी थांबली. रत्नागिरीला उतरून मला पुढची एसटी धरायची होती. मी मोजायला बसलो. दहा झाले की घड्याळ, दहा झाले की खिडकीतून सिग्नल. चाळीस मिनिटांनी गाडी हलली तेव्हा मी बसलो होतो त्याहून जास्त तापलेला होतो. एसटी गेली ती गेलीच.

चूक फार उशिरा लक्षात आली: मी श्वास मोजत नव्हतो, सिग्नलला लाच देत होतो. मी इतका शहाण्यासारखा बसलोय, आता तरी सोड! मोजणीने गाडी सुटत नाही, वेळही भराभर जात नाही. त्या आशेने बसणार असाल तर बसूच नका, चहा घ्या.

मग करायचं काय? ‘एसटी चुकणार’ हा विचार येणारच. त्याला हाकलू नका, त्याच्याशी वादही घालू नका. मुकाट्याने ‘एक’वर या. चारवर भरकटलात, एक. मोजता मोजता सतरावर पोचलात, म्हणजे तोंड मोजत होतं आणि तुम्ही एसटी स्टँडवर होतात, तरीही एक. ‘मला जमत नाही’ ही कुरकुर म्हणजेही भरकटणंच. मला आजही दहापर्यंत सलग क्वचितच जाता येतं. पोचणं हा मुद्दाच नाही. परत येण्याचा सराव होतो, तेवढाच उपयोगाचा.

गाडी कुठे आहे ते दाखवणारं ॲप या काळात बंद. यावर मी तडजोड करत नाही. दर मिनिटाला तोच ठिपका बघण्यासारखा दुसरा छळ नाही.

वडेवाला, रडणारं पोर, शेजाऱ्याच्या मोबाइलवरचं भजन: सगळं असू द्या.

प्लॅटफॉर्मवर असाल तर बॅग घेऊन चालताना पाऊल टेकलेलं जाणवू द्या, बस्स. स्वतः गाडी चालवत असाल तर यातलं काहीच करू नका, रस्ता बघा.

नव्याने शिकणाऱ्याने रत्नागिरीअलीकडच्या करबुडे बोगद्यात सुरुवात करावी. साडेसहा किलोमीटर अंधार, खिडकीतून बघायला काही नाही, फोनलाही सहसा रेंज नसते. लगेच उतरायचं असेल तर मात्र सामान आधीच दाराशी आणून ठेवा.