साहित्य संमेलनात पहिल्यांदा जाणाऱ्या नवोदितांसाठी

ग्रंथदिंडी, उद्‌घाटन, अध्यक्षीय भाषण हे सगळं तुम्हाला माहीतच असेल. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या कविकट्ट्यासाठी, म्हणजे कवींनी आपल्या कविता वाचायच्या मंचासाठी, कविता आधीच मागवतात, तेवढी तारीख चुकवू नका. मला बोलायचंय ते ग्रंथप्रदर्शनाबद्दल.

तिथे गाळ्यांसमोरून हिंडताना कुणीतरी प्रकाशक आपुलकीने विचारतो, "लिहिता का? मग पुस्तक का नाही काढत?" एकही ओळ न वाचता तुमचं लेखन त्यांना आवडलेलं असतं. छपाईचा खर्च आपणच द्यायचा किंवा काही शे प्रती आपणच विकत घ्यायच्या, हे मागाहून कळतं. मी याच गोडव्याला भुलले. पुस्तक छापून आलं, प्रकाशन झालं, फोटो निघाले आणि ते एकाही दुकानात पोचलं नाही. गठ्ठे घरातच राहिले. अजून त्रास होतो.

म्हणून तिथल्या तिथेच एक गोष्ट करा. इतर विक्रेत्यांच्या गाळ्यांवर जाऊन त्या प्रकाशनाची पुस्तकं मागा. कुणाकडेच मिळाली नाहीत, तर तुमचंही मिळणार नाही. त्यांच्या दोन-तीन लेखकांना गाठून विचारा: पैसे कोणी घातले, विक्रीचा हिशेब मिळतो का, मानधन हातात पडलं का? 'आयएसबीएन' (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) 'मिळवून देतो' म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर सरळ उठा. आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मोफत मिळतो, लेखकालाही स्वतः अर्ज करता येतो. आणि करार वाचल्याशिवाय सही नको, म्हणजे नकोच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क लेखीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. 'कायमचे सर्व हक्क' असं छापलेलं असेल, तर हे संरक्षण तुम्ही स्वतःच सोडून देता.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात कमीपणा अजिबात नाही. फक्त ते छपाईचं काम आहे हे ओळखून, दोन छापखान्यांतून दर काढून करा. कवींकडूनच शुल्क घेऊन काढलेले, अनेकांच्या कवितांचे प्रातिनिधिक संग्रह मात्र मला मुळीच पटत नाहीत. नामवंतांच्या मागे प्रस्तावनेसाठी फिरणंही नाही. त्यापेक्षा लिखाण वाचून परखडपणे चुका दाखवणारा एक मित्र शोधा.

पण घाबरून घरी बसू नका. चांगले प्रकाशकही त्याच मंडपात असतात. ते आधी संहिता मागतात, महिनोन्‌महिने घेतात, पुष्कळदा परत पाठवतात. त्यांचा नकार मनाला लावून घेऊ नका, निदान त्यांनी वाचलेलं असतं.

परिसंवादांना दिवाळी अंकांचे संपादक येतात. सत्र संपल्यावर ओळख करून घ्या, हातात बाड देऊ नका. कथा कधी आणि कुठे पाठवायची तेवढं विचारा, आणि परतल्यावर त्याच आठवड्यात तुमची सर्वांत चांगली एकच कथा पाठवा.