‘ग्रेड वन आहे ना, मग काही नाही’: फॅटी लिव्हरचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

आमच्या इंदूरच्या नात्यागोत्यात कुणाची सोनोग्राफी झाली की रिपोर्टातली एकच ओळ मोठ्याने वाचली जाते: ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. ‘अहो, हे हल्ली सगळ्यांनाच निघतं,’ असं म्हणत कुणीतरी कागद फाइलीत सारतं.

ग्रेड सांगते ती चरबी किती साचली एवढंच. लिव्हरमध्ये फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखा कडकपणा, आलाय का हे त्या ओळीत नसतं. आणि सिरॉसिसची, म्हणजे लिव्हर कायमचं आकसून निकामी होण्याची, वाट या फायब्रोसिसमधूनच जाते. चरबी थोडी असली तर सोनोग्राफीत ती दिसतही नाही.

दुसरी फसगत एसजीपीटीची. एसजीपीटी आणि एसजीओटी ही रक्ततपासणीत मोजली जाणारी लिव्हरची एन्झाइम्स; एसजीपीटी नॉर्मल आला की लिव्हर ठीक, असं घरचे धरून चालतात. समजा, भाऊजी ५२ वर्षांचे. ग्रेड वन, एसजीपीटी ३६, एसजीओटी ४८, प्लेटलेट २ लाख १० हजार. घरात सगळे निवांत. आता ‘फिब-फोर’, म्हणजे फायब्रोसिसच्या धोक्याचा अंदाज देणारा आकडा, काढून बघा. वयाला एसजीओटीने गुणायचं: २४९६. प्लेटलेटच्या हजारांना, म्हणजे २१० ला, एसजीपीटीच्या वर्गमूळाने गुणायचं: १२६०. भागाकार १.९८. १.३ च्या खाली धोका कमी, २.६७ च्या वर जास्त. भाऊजी मध्ये अडकले, म्हणजे फायब्रोस्कॅनबद्दल (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) डॉक्टरांना विचारायला हवं. उलट ४५ वर्षांचा धाकटा: ग्रेड थ्री, एसजीओटी ३६, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख ७० हजार. त्याचा आकडा ०.७५. पण घरचे उकडलेली दुधी घेऊन मागे लागतात ते त्याच्या, आणि भाऊजी सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खातात! (धाकट्याने वजन उतरवायचंच आहे, ते वेगळं.)

फिब-फोर पस्तिशीच्या आत भरवशाचा नाही, आणि पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ची खालची मर्यादा धरतात. तापात किंवा जिममध्ये घाम गाळल्यावर लगेच रक्त देऊ नका. एसजीओटी उगाच वाढलेला येतो.

‘मी तर सडपातळ’ हेही ऐकू येतं. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची ओळखीची ठेवण. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, पट्टा पोटाखाली बांधलेला असतो! टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की सावध. सोबत एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.७ किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० च्या वर, बीपी १३०/८५ च्या वर, असं काही आहे का बघा. २०२३ मध्ये या आजाराचं नाव बदलून त्यात ‘मेटाबॉलिक’ शब्द आला, तो याचसाठी.

दारूबद्दल डॉक्टरांपुढे ‘कधीतरी घेतो’ एवढ्यावर भागवू नका. आठवड्याचा खरा हिशेब द्या. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन यांपैकी एखादं औषध चालू असेल तर सांगा. हेपटायटिस बी आणि सी एकदा तपासून घ्या. ‘लिव्हर साफ करणारे’ काढे स्वतःच्या मनाने सुरू करू नका; गुळवेलीनेही काहींच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

आणि फायब्रोस्कॅनला जाताना वाटेत पोहे-जिलबी नको. आधी किमान ३ तास पोट रिकामं लागतं; खाऊन गेलात तर लिव्हर आहे त्याहून कडक दिसतं.