आधी ते कार्ड शोधा

लायसन्सचं कार्ड. प्लास्टिकचं, खरंखुरं. हे वाचायच्या आधी उठा आणि कुठे आहे ते बघून या.

माझं अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीत होतं, रेनकोटच्या खाली, नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या पार्किंगमध्ये. आणि मी मिलानच्या विमानतळावर, भाड्याच्या गाडीच्या काउंटरसमोर, आई, बायको, मुलगी आणि पाच बॅगा घेऊन उभा. हातात इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटची करकरीत पुस्तिका होती. काउंटरवरच्या बाईंनी ती चाळली आणि मूळ लायसन्स मागितलं. मी ऐटीत मोबाइलवर डिजिलॉकर उघडून पुढे केला. मुंबई नाक्यावर हवालदाराला वर्षानुवर्षं तेच दाखवत आलोय, कार्ड खिशात ठेवायची सवयच मोडलेली. बाईंनी नुसती मान हलवली. गाडी गेली, आगाऊ भरलेले पैसे गेले, आणि पुढचे आठ दिवस आम्ही फलाटाफलाटावर बॅगा चढवत-उतरवत फिरलो. आई अजून त्या ट्रिपला ‘हमालीची ट्रिप’ म्हणते.

दोन वर्षांनी परत गेलो, तेव्हा बऱ्यापैकी निभावलं. म्हणून आता युरोपात गाडी भाड्यानं घेऊन चालवायची म्हटलं की सोसायटीत ज्याला त्याला माझ्याकडून यादी हवी असते. घ्या.

परमिटसाठी परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज, फी 1000 रुपये, आणि पेठ रोडचं आरटीओ. पोर्टल मागेल ती कागदं जोडा, त्यात काही डोकं लावायचं नाही. मुदत एकच वर्ष असते, त्यामुळे फार आधी काढून मिरवू नका. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच लायसन्सवर आहे का, आणि लायसन्सची स्वतःची मुदत प्रवासात संपत नाही ना, हे बघा. नेटवर घरबसल्या दहा वर्षांचं ‘इंटरनॅशनल लायसन्स’ विकणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. आणि हे नीट समजून घ्या: परमिट म्हणजे तुमच्या लायसन्सचा निरनिराळ्या भाषांतला अनुवाद. मूळ सोबत नसेल तर त्या अनुवादाला काडीची किंमत नाही. फोटो चालत नाही, झेरॉक्स चालत नाही, मोबाइल चालत नाही. कार्ड.

क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. बायकोच्या कार्डावर बुकिंग आणि स्टिअरिंगवर नवरा, हे बहुतेक ठिकाणी जमत नाही. अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवून ठेवतात, तेव्हा लिमिट शिल्लक ठेवा. दोघं आलटून पालटून चालवणार असाल तर दुसऱ्याचंही नाव करारात घाला, नाहीतर अपघात झाल्यावर विमा हात वर करतो. त्या दुसऱ्याचंही लायसन्सचं कार्ड लागतं, हे ओघानं आलंच. गाडी ऑटोमॅटिकच मागा. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, समोर घाट. तिथे क्लच शिकत बसायची हौस कशाला? सीमा ओलांडणार असाल तर कंपनीला आधी सांगा.

टोलचं प्रत्येक देशाचं वेगळं. इटलीत आपल्यासारखे नाके आहेत. त्यातली पिवळी टेलिपासची लेन म्हणजे त्यांचा फास्टॅग, तिच्यात घुसू नका. स्वित्झर्लंडमध्ये नाके नाहीत, मोटरवेसाठी विनियेट, म्हणजे टोलचा पास, घ्यावं लागतं, 40 फ्रँक. एक दिवस जा नाहीतर वर्षभर राहा, किंमत तीच. ऑस्ट्रियात थोड्या दिवसांचंही मिळतं.

इटलीतली दुसरी भानगड म्हणजे झेडटीएल. फ्लॉरेन्स, रोम, पिसा, अशा जुन्या शहरांच्या पोटात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि वर कॅमेरा, बाकी ना दोरी ना पोलीस. गूगल मॅप बिनदिक्कत आत नेतो. दंड काही महिन्यांनी गाडीवाल्या कंपनीमार्फत घरी येतो, वर कंपनीचा आकार. मला आला. हॉटेल आतच असेल तर त्यांना आधी फोन करून विचारा, गाडीचा नंबर नोंदवतात का ते.

आता प्रत्यक्ष चालवणं. उजवीकडून चालायचं हे पहिला तासभर सगळ्यांच्या लक्षात राहतं. चूक होते ती पेट्रोल भरून बाहेर पडताना किंवा सकाळी रिकाम्या रस्त्यावर. आमच्याकडे गाडी सुरू झाली की मागून मुलीनं ‘बाबा, उजवीकडे’ ओरडायचं असं ठरलं होतं. दोनदा तिनेच वाचवलं. सर्कलला आधीपासून आत असलेल्याला वाट द्यायची. आमच्या नाशिकच्या द्वारका चौकात जसं नाक खुपसून जागा करतो, तसं तिथे केलंत तर सरळ ठोकाल. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणारा आधी. ओव्हरटेक डावीकडूनच, आणि झाला की मुकाट उजव्या लेनमध्ये परत. कसारा घाटात डावी-उजवी जिकडे फट दिसेल तिकडून काढतो ती सवय इगतपुरीलाच ठेवून जा. स्विस घाटात अरुंद जागी समोरासमोर आलात तर उतरणाऱ्यानं थांबायचं. पिवळी पोस्टबस, म्हणजे तिथली एसटी, आली तर तिचा ड्रायव्हर सांगेल तसं सरकायचं, वाद घालायचा नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात हायवे तुंबला की सगळ्यात डावी लेन डाव्या कडेला, बाकीच्या उजवीकडे, मध्ये रुग्णवाहिकेला मोकळी गल्ली. हे तुंबल्यावर नाही, तुंबायला लागताच करायचं.

बाकी भराभर सांगतो. वेग: इटलीत मोटरवेला 130, पावसात 110; स्वित्झर्लंडला 120; वस्तीत 50. दिवसाही दिवे चालू. दीड मीटरपेक्षा बुटकं मूल असेल तर चाइल्ड सीट बुकिंगमध्येच घाला. इटलीत गासोलिओ म्हणजे डिझेल, बेंझिना म्हणजे पेट्रोल. पार्किंगच्या पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या आपल्या नव्हेत, हे इटलीपुरतं. गाडी बंद पडली की मागे ठेवायचा त्रिकोण आणि चमकणारं जाकीट गाडीत आहे का बघा. फुर्का, ग्रिम्सेलसारखे उंच स्विस घाट हिवाळाभर बंद असतात, मे महिन्याच्या सुट्टीत उघडे मिळतील हे धरून चालू नका. घेताना गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ, देताना टाकी फुल. अडचणीत 112. वाइन मुक्कामाला पोचल्यावर.

निघायच्या रात्री पासपोर्टच्या पाकिटात हात घालून कार्ड बोटांना लागतंय का बघा. ‘ठेवलंय गं’ असं तिथूनच ओरडू नका, मीही ओरडलो होतो.