वाचतेयस ना नुसती, मग जरा ऊठ

वाचायला वेळ मिळत नाही, ही तक्रार नव्याने नोकरीला लागलेल्या मुलींकडून इतकी ऐकली आहे की आता मी वेळेबद्दल बोलतच नाही. मी विचारते, तू पुस्तक घेऊन बसलीस की घरातले काय म्हणतात? मग खरी उत्तरं येतात. "वाचतेयस ना नुसती, मग जरा ऊठ, दार उघड." "मोकळीच आहेस तर कपडे वाळत घाल." हातात परीक्षेचं पुस्तक असलं की आवाज खाली येतात, टीव्ही बंद होतो. कादंबरी असली की तीच मुलगी, त्याच खुर्चीत, रिकामी ठरते.

विशी-तिशीतल्या मुलींचा एक छोटा वाचनगट मी बरीच वर्षं चालवते आहे. कुणी शेवटच्या वर्षाला असते, कुणी पहिल्या नोकरीत, कुणी दुसरी नोकरी शोधत असते. महिन्यातून एकदा भेटायचं, वाचलेल्यावर बोलायचं, भांडायचं. तिथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

पहिलं म्हणजे, अर्धा तास बहुतेकींकडे असतो. तो सलग नसतो, कारण आजूबाजूचे लोक त्याला कामाचा वेळ मानत नाहीत. म्हणून वाचनाची वेळ सगळ्यांना माहीत हवी. लपूनछपून, सगळी कामं उरकल्यावर, उरलंच तर वाचू, असं ठरवलं की काही उरत नाही. कामं कधी उरकतात का? रोज एकच वेळ, एकच जागा, आणि एकदा स्पष्ट सांगून टाकायचं: नऊ ते साडेनऊ मी वाचते, तेवढ्यात काही तातडीचं असेल तरच हाक मारा. पहिले काही दिवस चेष्टा होते. मग त्या खुर्चीची आणि त्या वेळेची घराला सवय होते आणि हाका कमी होतात. वसतिगृहात किंवा दोघीतिघींच्या खोलीत राहणाऱ्या मुली कानात हेडफोन घालून बसतात, त्यात काही वाजत नसलं तरी. गटातली एक मुलगी घरी "ऑफिसचं वाचतेय" असं सांगायची आणि आतून भुताटकीच्या कथा वाचायची. मला त्यात काही गैर वाटत नाही. पण पगार आपला आणि वेळही आपली असताना किती दिवस खोटं बोलायचं, हा प्रश्न तिनेच एकदा गटात काढला, आणि त्यावर जी चर्चा झाली ती त्या महिन्याच्या पुस्तकापेक्षा रंगली.

आपल्याआधीच्या बायकांनी याहून वाईट दिवस पाहिले आहेत, हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. त्यांच्या युक्त्या कामाला येतात म्हणून सांगते. एकोणिसाव्या शतकातल्या बंगालमधल्या राससुंदरी देवींनी चैतन्यभागवताचं एक पान पोथीतून काढून स्वयंपाकघरात लपवलं, मुलाच्या हस्ताक्षराच्या ताडपत्राशी त्यातली अक्षरं ताडून पाहत त्या एकटीनेच वाचायला शिकल्या, आणि पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. रमाबाई रानडे 1873 साली लग्न होऊन आल्या. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना शिकवायला घेतलं, आणि घरातल्या बायकांनी त्यापायी त्यांना सळो की पळो केलं. इंग्रजी सुरू झाल्यावर तर विचारूच नका. ते सगळं त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'मध्ये लिहून ठेवलं आहे, 1910 साली. बेबी कांबळे दुकानात बसून पुड्या बांधायच्या रद्दीतले वर्तमानपत्रांचे कागद वाचत, आणि तिथेच, घरच्यांच्या नकळत, लिहीत. ते लिखाण वर्षानुवर्षं लपून राहिलं. 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून आलं 1986 साली. पुडीच्या कागदावरचा अर्धा मजकूर वाचणाऱ्या बाईपुढे "सलग दोन तास मिळाले तरच वाचेन" ही आपली अट फार लाडावलेली वाटते.

आता थोडं व्यवहाराचं. रात्री अंथरुणात पडून वाचायचं, हा सल्ला सगळे देतात आणि नोकरी करणाऱ्यांच्या बाबतीत तो सपशेल पडतो. तिसऱ्या पानावर डोळे मिटतात आणि दुसऱ्या दिवशी तीच तीन पानं. सकाळची वीस मिनिटं त्यापेक्षा खूप बरी. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, पालथा घालून शेजारी नव्हे. रोज पंधरा पानं झाली तरी महिन्याची साडेचारशे होतात, म्हणजे मध्यम जाडीची दोन पुस्तकं. एवढं पुरेसं आहे. वर्षाला बावन्न पुस्तकांचे संकल्प मला आवडत नाहीत. त्यात माणूस बारीक पुस्तकं निवडायला लागतो. प्रवासासाठी एक आणि घरासाठी एक अशी दोन पुस्तकं एकदम चालू ठेवली तर सोयीचं पडतं: प्रवासात कथा किंवा लेख, घरी जाडजूड काही. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' तर महिन्याच्या हिशेबानेच वाचायचं पुस्तक आहे. चालू महिन्याचा लेख काढायचा आणि वाचून बाहेर झाडांकडे बघायचं.

आणि पुस्तक अर्धवट सोडायला शिका. पन्नास पानं वाचूनही पुढे जावंसं वाटत नसेल तर ते मिटून टाका, मग ते कितीही थोर असो. शाळेने आपल्याला धडा पूर्ण करायची सवय लावली आहे. त्या सवयीपायी मुली एका कंटाळवाण्या पुस्तकात चार महिने अडकतात आणि "माझं वाचन सुटलं" असं म्हणतात.

पुस्तकं सुचवणं हे मात्र वेगळंच प्रकरण आहे, आणि तिथे मी आग्रही आहे. तरुण मुलीने "काहीतरी चांगलं सांगा ना" म्हटलं की थोरामोठ्यांचा हात आपोआप दुःखाच्या कपाटाकडे जातो. सोसलेल्या बायका, जळलेल्या बायका, त्यागाच्या मूर्ती. तिला "जाणीव व्हावी" म्हणून. जाणीव तिला आहे हो, रोज बसमध्ये होते. मी आधी विचारते, शेवटचं आवडलेलं पुस्तक कोणतं, आणि टाकून दिलेलं कोणतं? टाकून दिलेल्याचं उत्तर जास्त उपयोगी पडतं.

सुरुवातीला मी बहुतेक वेळा 'स्मृतिचित्रे' हातात ठेवते. चार भागांत, 1934 ते 1936 या काळात आलेलं हे लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र नव्वद वर्षांनीही खळखळून हसवतं. वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याने हैराण झालेलं घर, न सांगता निघून जाणारा कवी नवरा, 1895 मध्ये तो ख्रिस्ती झाल्यावरची वर्षानुवर्षांची ताटातूट, आणि 1900 साली स्वतः विचार करून घेतलेला तसाच निर्णय. दुसऱ्या कुणी या मालमसाल्यावर रडून रडून पानं भरली असती. या बाईने स्वतःची, नवऱ्याची, सगळ्यांची खोडी काढली आहे. भाषा तर अशी की शेजारी बसून बोलते आहे. ज्या मुलीला "जुनं मराठी मला झेपणार नाही" असं वाटत असतं, तिची भीती इथे जाते.

पहिला पगार घरी देणाऱ्या मुलींना मी 'कळ्यांचे निःश्वास' देते. 1933 साली विभावरी शिरूरकर या नावाने हा कथासंग्रह आला आणि ही बाई कोण, यावरून मोठं वादळ उठलं. त्या होत्या मालती बेडेकर. त्यातल्या एका कथेचं नावच 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' असं आहे. शिकलेली, कमावती मुलगी, आणि तिच्या कमाईवर टेकलेलं घर. गटात हे पुस्तक झालं त्या दिवशी एक मुलगी संपूर्ण वेळ गप्प होती, आणि निघताना तिने मला बँकेत स्वतंत्र खातं उघडायला काय लागतं ते विचारलं.

याच वयात व्हर्जिनिया वुल्फचं 'अ रूम ऑफ वन्स ओन'ही वाचावं. 1928 साली केंब्रिजच्या मुलींच्या कॉलेजांमध्ये दिलेल्या व्याख्यानांतून ते तयार झालं आणि पुढच्या वर्षी छापून आलं. लिहायचं असेल तर बाईकडे वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी, हे तिचं म्हणणं सगळ्यांना ऐकून माहीत असतं. वाचताना लक्षात येतं की खोलीइतकीच ती पैशांबद्दल बोलते आहे, आणि तेही कसला संकोच न करता. सुरुवातीची पानं फिरत फिरत जातात, तिथे टिकून राहा.

"करिअरला उपयोगी पडेल असं सांगा", ही मागणी हल्ली फार वाढली आहे. यशाच्या सात पायऱ्यांची पुस्तकं मी सुचवत नाही; एक वाचलं की सगळी वाचल्यासारखीच होतात. त्याऐवजी माणूस प्रत्यक्ष काम कसं करतो हे दाखवणारी पुस्तकं घ्या. नाट्यदिग्दर्शिका विजया मेहतांचं आत्मचरित्र 'झिम्मा' नाटकवाल्यांपुरतं नाही. तालीम कशी घडते, लोकांकडून काम कसं काढून घेतात, एखादी संस्था कशी उभी राहते आणि का मोडते, हे ज्या मुलीला चार माणसांची टीम सांभाळायची आहे तिने जरूर वाचावं. वैद्यकीय शाखेच्या मुलींना वीणा गवाणकरांनी लिहिलेलं आयडा स्कडरचं चरित्र द्यावं. पुरुष डॉक्टर चालत नाही म्हणून एका रात्रीत तीन बाळंतिणी दगावल्या, आणि त्या रात्रीने एका मुलीचं आयुष्य फिरवलं. वेल्लोरचं आजचं मोठं रुग्णालय आणि महाविद्यालय तिथून सुरू झालं. सामाजिक संस्थेत किंवा शासनात जाऊ पाहणारीला कविता महाजनांची 'ब्र'. 73व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतीत जागा मिळालेल्या बायकांना खुर्चीवर बसल्यावर काय काय भोगावं लागतं, ते कुठल्याही अहवालात इतकं सापडणार नाही. ही कादंबरी जड आहे, म्हणून ती पहिली देत नाही.

गौरी देशपांडेवर गटात दर वेळी दोन तट पडतात. 'एकेक पान गळावया' कुणाला सुटका वाटते, कुणाला सुखवस्तू बायकांची चैन. दोन्ही बाजूंनी मुली कडाकडा बोलतात, म्हणून मी ते दरवर्षी ठेवतेच. सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी', पु. ल. देशपांड्यांबरोबरच्या संसाराबद्दलचं आत्मकथन, मात्र विशीतल्या मुलींना मी घाईने देत नाही. एखाद्या माणसाबरोबर काही वर्षं राहून झालं की ते पुस्तक वेगळंच वाचलं जातं. त्याउलट उर्मिला पवारांचं 'आयदान' कधीही द्यावं. त्यातलं गाव, तिथून शहर, नोकरी, लग्न आणि चळवळ एकाच बाईच्या तोंडून येतात, आणि ती स्वतःलाही सोडत नाही.

मैत्रिणीला पुस्तक देणार असाल तर एका वेळी एकच द्या. दहा नावांची यादी फोनवर पाठवली की ती यादी जपून ठेवली जाते आणि वाचलं काहीच जात नाही. देताना गोष्ट सांगू नका, फक्त कुठल्या पानापर्यंत धीर धरायचा ते सांगा. आठवड्याने "वाचलंस का?" असं विचारायचं नाही; वाचलं असेल तर ती स्वतःहून बोलेल, नसेल तर तुम्हाला टाळायला लागेल. उसनं दिलेलं पुस्तक परत येईलच असं धरून चालू नका. मी 'स्मृतिचित्रे'च्या दोन प्रती ठेवते, त्यातली एक कायम कुणाकडे तरी असते.